माझ्या बातमीचं शेवटचं वाक्य

मी वार्ताहर झाले ती नळाला पाणी येत नव्हतं म्हणून. सत्तरचं दशक निम्मं सरल्यावर आम्ही गिरगावातली भाड्याची खोली सोडून वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो. दोन खोल्या, स्वतंत्र संडास, खिडकीतून दिसणारी खाडी. पण पाणी दिवसाआड, तेही तळमजल्यापर्यंत. मी मुंबईच्या एका दैनिकाला पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि चौथ्या दिवशी टँकर आला. मग मी बसबद्दल लिहिलं, डासांबद्दल लिहिलं, रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून लिहिलं. वर्षभराने त्या दैनिकातून पोस्टकार्ड आलं: आपल्या भागाचे अर्धवेळ वार्ताहर म्हणून काम कराल का?

माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. साताऱ्याकडच्या गावातून लग्न होऊन आलेली बाई. पोस्टकार्ड मी तीनदा वाचलं. हे म्हणाले, "कर की. घरबसल्या होण्यासारखं आहे." ह्यांची नोकरी फोर्टात, एका निमसरकारी कचेरीत. बातमीचं पाकीट सकाळी ह्यांच्या डब्याच्या पिशवीत जायचं आणि हे ते दैनिकाच्या दारावरच्या पेटीत टाकायचे. बातमी छापून आली की वर बारीक अक्षरात असायचं, "आमच्या वार्ताहराकडून". नाव नसायचं. पण आमच्या भागात तो वार्ताहर म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाय मला याच कामातून भेटली. सानपाड्याच्या पलीकडे खाडीकाठी तिचं गाव. गावात लहानमोठे सगळे तिला बायच म्हणत, मीही म्हणू लागले. ती सातवी शिकलेली, नवरा लवकर गेलेला, देवळाच्या पडवीत बालवाडी चालवायची. ज्या जमिनींवर आमच्या इमारती उभ्या होत्या त्या तिच्या गावाच्या होत्या. भाताच्या खाचरात आता आमचे जिने होते. मोबदल्याचे कागद, नोटिसा, सात-बाराचे उतारे हे सगळं ती वाचायची आणि गावातल्या बायांना समजावून सांगायची. एकदा मी मोर्चाची बातमी करायला गेले तर तिने माझ्या हातात चहा दिला आणि विचारलं, "तुमी लिवताव, ते कोन वाचतं?"

मी म्हटलं, "मुंबईतले लोक वाचतात. साहेब लोक वाचतात."

"मंग बरोबर लिवा," ती म्हणाली.

ऐंशीनंतरच्या एका विधानसभेच्या निवडणुकीला ती अपक्ष उभी राहिली. चिन्ह मिळालं शिडी. तिच्याकडे जीप नव्हती, एक हातगाडी आणि त्यावर बांधलेला भोंगा होता. समोर दुसऱ्या एका पक्षाचाही उमेदवार होता, पण बायची खरी लढत एकाशीच होती. तो मोठा बांधकाम ठेकेदार, मोठ्या पक्षाचं तिकीट घेतलेला. आमच्या दैनिकात त्याच्या पानभर जाहिराती यायच्या, दिवाळीला, गणपतीला, वाढदिवसाला. निवडणुकीत तर रोजच.

बायवर पहिली बातमी मी लिहिली तेव्हा ती छापून यावी एवढीच माझी इच्छा होती. काय छापलं जातं याचा अंदाज मला तोपर्यंत आला होता. म्हणून मी तिच्या नऊवारीबद्दल लिहिलं, चिखलात वहाणा हातात घेऊन ती कशी चालते ते लिहिलं, बालवाडीतली पोरं हातगाडीमागे कशी पळतात ते लिहिलं. जमिनीच्या मोबदल्याबद्दल खाली दोन ओळी. बातमी दोन कॉलम आली, फोटोसकट. मथळा होता "अनवाणी उमेदवार". खालच्या दोन ओळी नव्हत्या.

मला आनंद झाला. हे आता सांगायला लाज वाटते, पण झाला. मी कात्रण घेऊन तिच्याकडे गेले. तिने ते नीट वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"वहाना हातात घेतलेल्या लिवलं," ती म्हणाली. "कशापायी उभी हाय ते नाय लिवलं."

"लिहिलं होतं. छापलं नाही त्यांनी."

"बरं," ती म्हणाली, आणि पोरांना गाणं शिकवायला उठून गेली.

त्यानंतर मी गंमतीचं लिहिणं बंद केलं. तिच्या सभेत ती काय बोलली तेच लिहू लागले. मग बातम्या येईनाशा झाल्या. ठेकेदाराने नेरूळला एका विहिरीचं पूजन केलं तर ती बातमी तीन कॉलम, हार घालणाऱ्यांच्या नावांसकट. बायच्या सभेला पाच गावांतून बाया आल्या, मैदान पुरलं नाही, ते मी डोळ्यांनी पाहून लिहिलं. छापून आलं, "अपक्ष उमेदवाराच्या सभेस तुरळक उपस्थिती". वर "आमच्या वार्ताहराकडून". त्या दिवशी दुपारी सुकं म्हावरं विकणारी, आमच्या जिन्यात रोज टोपली टेकवणारी मावशी आली आणि टोपली न उतरवताच म्हणाली, "मी पन व्हती मैदानात. मी तुरळक काय?"

मी दैनिकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. ह्यांना म्हटलं, "मी हे काम सोडते." हे म्हणाले, "निवडणूक होऊ दे. आत्ता सोडलंस तर तुझ्या जागी दुसरा कोणी येईल, तो तर त्या ठेकेदाराच्याच घरी जेवेल." ते मला पटलं. निदान मी तिथे आहे, असं मी स्वतःला समजावलं.

मतदानाच्या चार दिवस आधी बाय आमच्या घरी आली. दिवसभर हिंडून तिचे पाय सुजले होते. मी गरम पाण्याची बादली दिली, ती स्वयंपाकघरातच पाटावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. बोलता बोलता म्हणाली, "काल गावकीची मानसं आली व्हती. बस म्हनतात."

बसणं म्हणजे रिंगणातून बाजूला होणं. अर्ज मागे घ्यायची मुदत संपली तरी उमेदवार बसू शकतो. आपण दुसऱ्याला पाठिंबा देतो एवढं त्याने जाहीर करायचं, मतपत्रिकेवर नाव राहतं, माणूस जातो.

"कोणासाठी बस म्हणतात?"

"ठेकेदारासाठी. त्यो गावात हायस्कूल बांधनार म्हनं. मतं फुटतील, त्यापेक्षा तू बस."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हनली, मी बसनार नाय. हायस्कूल त्याच्या खिशातून नाय येत, सरकारातून येतं. मना निवडून द्या, मी आनीन."

मला वाटलं, हीच बातमी. एवढा दबाव आला तरी ती हलली नाही, हे लोकांना कळायला हवं. तिला मी विचारलं, "हे लिहू का?" ती म्हणाली, "लिव की. खरं हाय ते." ती गेल्याबरोबर मी लिहायला बसले. गावातल्या काही पुढाऱ्यांनी अपक्ष उमेदवारास बसण्याचा आग्रह केला, ठेकेदार उमेदवारास पाठिंबा द्यावा अशी त्यांची मागणी आहे, गावात या विषयावर बैठका सुरू आहेत. असं एकेक सांगत मी शेवटाकडे गेले. आणि शेवटचं वाक्य, ज्यासाठी सगळा खटाटोप केला होता ते वाक्य: "मात्र आपण कोणत्याही परिस्थितीत बसणार नाही, शिडीवरच शिक्का मारा, असे त्यांनी निक्षून सांगितले." गोष्ट सांगताना जोर शेवटी यावा, एवढंच मला कळत होतं. सकाळी पाकीट डब्याच्या पिशवीत गेलं.

गुरुवारी पेपर आला. पहिल्याच पानावर, चौकटीत. "अपक्ष महिला उमेदवार बसणार". खाली माझी बातमी, माझ्याच शब्दांत, "बैठका सुरू आहेत" इथपर्यंत. पुढे पूर्णविराम. चौकटीखाली ठेकेदाराची जाहिरात, अर्धं पान.

मी चपला घालत होते तेवढ्यात बायच दारात आली. बरोबर गावातल्या दोघीतिघी. तिच्या हातात पेपर होता.

"हे तू लिवलं?"

"मीच लिहिलं. पण शेवटचं कापलं त्यांनी. तू बसणार नाहीस असं लिहिलं होतं मी. खरंच लिहिलं होतं."

"कुठं व्हतं ते?"

"शेवटी."

तिने पेपर पुन्हा उलगडून पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मंग आदी का नाय लिवलं?"

तिच्याबरोबरची एक बाई म्हणाली, "चल बाय. इथं कशाला टायम घालवतं?" संध्याकाळी पाचला जाहीर प्रचार संपणार होता. त्या जिना उतरून गेल्या आणि थोड्या वेळाने हातगाडीवरचा भोंगा ऐकू आला, मी बसली नाय, मी बसली नाय. भोंग्याचा आवाज दोन गावांपुरता. पेपर मात्र बेलापूरच्या पुढपर्यंत जायचा, आणि दर गावात चहाच्या दुकानात एकजण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे.

मी आमच्या शाळकरी मुलीला शेजारी ठेवलं आणि बसने मुंबईला गेले. दैनिकाच्या कचेरीत त्याआधी मी एकदाच गेले होते. जिन्यात शाईचा आणि ओल्या कागदाचा वास, वर टेलिप्रिंटरची खडखड. मुख्य उपसंपादक साठीकडे झुकलेले, सदऱ्याच्या खिशाला निळी पेन्सिल अडकवलेली. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"बाई, एवढ्या लांबून आलात."

मी पेपर पुढे ठेवला. "माझं शेवटचं वाक्य कापलंय. सगळा अर्थ उलटा झालाय."

त्यांनी तारेत ओवलेल्या कागदांतून माझी बातमी शोधून काढली. माझं अक्षर, आणि खाली शेवटच्या वाक्यावर निळी रेघ.

"जागा नव्हती," ते म्हणाले. "बातमी शेवटून कापतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? महत्त्वाचं असतं ते पहिल्या ओळीत यायला हवं."

"मला कोणी काही शिकवलेलं नाही. पण मथळा? मथळ्यात तर ती बसणार असंच म्हटलंय."

"मजकुरावरून तसंच वाटतं."

"ठेकेदाराच्या बातमीत हार घालणाऱ्यांची नावं शेवटपर्यंत येतात. तिथे जागा कशी असते?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना माझी दया आली असावी असं मला वाटलं, आणि त्या दयेने मला जास्त घाबरायला झालं. रागावले असते तर भांडता आलं असतं.

"खुलासा छापा," मी म्हटलं. "उद्याच. पहिल्या पानावर, तेवढ्याच चौकटीत. हवं तर सगळी चूक वार्ताहराची होती असं छापा. माझं नाव घालून छापा. मी सही करून देते."

"पहिलं पान माझ्या हातात नसतं, बाई."

"मग कोणाच्या?"

त्यांनी आतल्या बंद दाराकडे पाहिलं. मी उठून त्या दाराशी गेले. शिपाई म्हणाला, संपादकसाहेब बाहेरगावी आहेत. मी बाकावर बसून राहिले. दुपार झाली, टेबलांवर डबे उघडले गेले, मिटले. तिथेच बसून मी खुलासा लिहिला, या वेळी सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या ओळीत: त्या निवडणूक लढवत आहेत. मुख्य उपसंपादकांनी तो घेतला, वाचला आणि म्हणाले, "बघतो. आतल्या पानात तरी लावतो." मी त्यांना नमस्कार केला. का केला, कोण जाणे.

शुक्रवारी पहाटे मी पेपरवाल्याची वाट बघत जिन्यात उभी होते. खुलासा नव्हता. पहिल्या पानावर नव्हता, आतही नव्हता. प्रत्येक पान मी जिन्यातच उलटून पाहिलं, बाजारभाव आणि सिनेमाच्या जाहिराती धरून.

मग मी चालत निघाले. हे म्हणाले, "अगं, माझी नोकरी. कोणी तक्रार केली तर?" मी म्हटलं, "मी प्रचार करत नाही. मी फक्त माझी बातमी पुरी करतेय." ह्यांनी पुढे अडवलं नाही. उलट मुलीला शाळेत सोडायला अर्धी रजा टाकली.

त्या दिवशी मी किती घरांत गेले ते आठवत नाही. सानपाड्याकडून सुरुवात केली, नेरूळच्या बाजूला गेले, मधे मिठागराच्या बांधावरून वाट होती. घराघरात जाऊन सांगायची, पेपरात आलं ते अर्धवट आहे, बाय उभी आहे. काही ठिकाणी माना हलायच्या. काही ठिकाणी बाया एकमेकींकडे बघायच्या, ही वसाहतीतली बाई आपल्या बायबद्दल आपल्यालाच काय सांगतेय? एका ओट्यावर एक म्हातारबाबा सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाय बसली," ते म्हणाले.

"नाही हो बाबा. नाही बसली."

"पेपरात हाय."

"ते पेपरात मीच लिहिलंय. मीच सांगतेय ना, चूक आहे."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तू काल एक सांगतं, आज दुसरं सांगतं. आमी कुठला धरायचा?"

मी त्या ओट्यावर बसले आणि मला रडू आलं. त्यांच्या सुनेने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मी पुढच्या घरी गेले, आणि तिथेही तेच सांगितलं. उन्हं कलली तेव्हा माझा आवाज बसला होता आणि पुढची चार गावं राहिली होती.

शनिवारी मतदान. खुलासा त्या दिवशी आला. पाचव्या पानावर, हरवलेल्या माणसांच्या निवेदनाखाली, तीन ओळी. बायचं नावही चुकलं होतं. ज्यांनी तो पाहिला त्यातले निम्मे तोवर मत देऊन आले होते.

आमचं केंद्र शाळेत होतं. मी मत देऊन बाहेर आले आणि शंभर मीटरच्या रेषेबाहेर झाडाखाली उभी राहिले. बोलायची परवानगी नव्हती आणि बोलायला आवाजही नव्हता. तिथे दोन म्हाताऱ्या बाया आल्या, बोटाला शाई लागलेली. एक दुसरीला म्हणत होती, "बाय बसली म्हनून त्याला दिलं. नाय तर मी शिडीलाच देनार व्हती."

मी हाक मारली नाही. मत पेटीत पडलं होतं.

ठेकेदार निवडून आला. बाय तिसरी आली. मोजणीच्या ठिकाणाहून ती चालत परत आली म्हणतात, हातगाडी आधीच कोणीतरी घेऊन गेलं होतं. मी तिच्या घरी गेले नाही. जायची हिंमत झाली नाही. दैनिकाला मी चार ओळींचा राजीनामा पाठवला. त्याची पोच आली नाही. दोन महिन्यांनी आमच्या भागातली बातमी दिसली, वर पूर्वीसारखंच, "आमच्या वार्ताहराकडून". ती मी लिहिलेली नव्हती. गावातल्या लोकांना मात्र मीच वाटले असेन. सुकं म्हावरं विकणारी मावशी आमच्या जिन्याने चढायची बंद झाली. शेजारणी मला विचारायच्या, काय झालं गं? मी म्हणायची, दुसरा जिना धरला असेल.

त्या काळात मला पेपर वाचवेना. ह्यांनी उघडून ठेवला की माझी नजर प्रत्येक बातमीच्या शेवटच्या ओळीवर जायची, आणि तिच्या खालचं काय कापलं असेल ते मी शोधत राहायची. ठेकेदाराच्या सत्काराची बातमी असो, अपघाताची असो, मला वाटायचं, इथेही कुणाचं तरी राहिलंय. हे म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ या का?" मी म्हटलं, "डॉक्टर काय करणार?"

पावसाळा उलटून गेल्यावर एका दुपारी बाय आली. दारात उभी राहिली, मी ये म्हणेपर्यंत आत आली नाही. खूप वाळली होती. तिच्या हातात जमिनीच्या नोटिसांची थैली होती.

"अर्ज लिवायचा हाय," ती म्हणाली. "माझं अक्षर सायबाला लागत नाय म्हनं."

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. तिने सांगितलं तसं मी लिहिलं. मग ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. "परत वाच." मी परत वाचलं. एका ठिकाणी तिने शब्द बदलायला लावला. निवडणुकीचं नाव दोघींनीही काढलं नाही. पण ती उठायला लागली तेव्हा मला राहवलं नाही.

"माझ्यामुळे पडलीस तू."

ती थैलीची नाडी बांधत राहिली. "नाय. मी तशी पन पडली असती. त्याच्याकडं काय नव्हतं?"

"पण किती मतं गेली असतील त्या बातमीने?"

"ते कसं कलनार?"

"मला कळायला हवं."

"मना पन," बाय म्हणाली. तिचा आवाज त्या वेळी पहिल्यांदा भरून आला. ती पुन्हा खुर्चीवर बसली. मी हात पुढे केला तो तिने धरला नाही, दूरही लोटला नाही.

तो अर्ज नामंजूर झाला. त्यानंतरचे चारपाच मी लिहिले, तेही झाले. पुढच्या निवडणुकीला गावातल्या बायांनी तिला उभं राहा म्हणून गळ घातली. ती उभी राहिली नाही. कारण विचारलं तर म्हणायची, आता पाय चालत नाहीत. ठेकेदाराने कबूल केलेलं हायस्कूल काही आलं नाही, देवळाच्या पडवीत बालवाडी मात्र चालू राहिली. मी अधूनमधून तिकडे जायची, पोरांच्या पाट्या पुसायला, चित्रं काढून द्यायला. गावातल्या काही बाया माझ्याशी बोलू लागल्या. काही कधीच बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही.